स्ट्रीट फोटोग्राफीची सुरुवात: कॅमेऱ्याआधी अंतर ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. स्ट्रीट फोटोग्राफी छंद म्हणून सुरू करायची आहे, घरात एक जुना एपीएस-सी (म्हणजे लहान आकाराच्या) सेन्सरचा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे (मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं), खिशात बऱ्यापैकी फोन आहे, तर नवीन कॅमेरा कोणता घ्यावा? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की अनोळखी माणसाचा फोटो काढताना हात आखडतो, म्हणून लांबून टिपता येईल अशी मोठी झूम लेन्स घेतली तर बरं पडेल का?

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण कॅमेऱ्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

मी स्वतः पहिलं वर्ष ७०-२०० मिमीच्या झूमवर घालवलं. कारण तेच होतं जे तुमचं आहे. रस्त्याच्या पलीकडून, खांबाआडून टिपायचं, कुणाला कळायच्या आत निघून जायचं. घरी येऊन फोटो पाहिले की चेहरे रेखीव, पाठीमागचं सगळं धूसर, तांत्रिकदृष्ट्या नाव ठेवायला जागा नाही. पण महिनाभरानं तेच फोटो पाहताना मला एकाही प्रसंगाची आठवण होईना. कोण होतं, आजूबाजूला काय चाललं होतं, त्या माणसानं का वळून पाहिलं, काहीच नाही. चित्रात मी कुठेच नव्हतो आणि ती जागाही नव्हती. ज्या दिवशी नाइलाजानं मित्राचा ३५ मिमीच्या लेन्सचा छोटा कॅमेरा घेऊन बाहेर पडलो, त्या दिवशीचे दोन फोटो आजही माझ्या भिंतीवर आहेत.

यामागे साधं भूमितीचं कारण आहे. फुलफ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आडवा धरून उभ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम चौकटीत बसवायचं, तर २८ मिमीच्या लेन्सला साधारण २ मीटरवर उभं राहावं लागतं, ३५ला अडीच मीटर, ५०ला साडेतीन, ८५ला ६ मीटर आणि २०० मिमीला तब्बल १४ मीटर. म्हणजे लेन्स निवडताना तुम्ही समोरच्या माणसापासून किती लांब उभं राहणार हेच निवडत असता. चित्रातली खोली लेन्सच्या आकड्यावर अवलंबून नसते, ती तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरते. चौदा मीटरवरून पाहिलं तर पुढच्या माणसाच्या मागे पाच मीटरवरचा माणूस त्याच्या तीनचतुर्थांश आकाराचा दिसतो, दोघं पत्त्यांसारखे एकावर एक चिकटलेले. अडीच मीटरवरून पुढचा माणूस मोठा, मागचा त्याच्या एकतृतीयांश, आणि दोघांमधली जागा डोळ्यांना जाणवते. पाहणाऱ्याला वाटतं की आपण तिथे उभे आहोत. स्ट्रीट फोटोग्राफीचा जीव त्या जागेत असतो.

मोठ्या लेन्सला सरसकट निषिद्ध मानू नका. फोटोग्राफर सॉल लायटरनं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ९० आणि १५० मिमीसारख्या लांब लेन्स वापरून रंगीत फोटोंचं अप्रतिम काम केलं. पण त्याच्या चित्रांत वाफाळलेली काच, छत्रीची कड, बर्फातून चाललेली आकृती यांचे थर एकमेकांवर दाबून आणण्यासाठी ती लेन्स होती. माणसांच्या भीतीपोटी घेतलेली लेन्स आणि हवी तशी चपटी चौकट मिळावी म्हणून घेतलेली लेन्स, दोन्हींचा आकडा एकच असला तरी फोटो वेगळे येतात. तुम्ही आत्ता पहिल्या कारणासाठी मागताय, म्हणून माझं उत्तर: नको.

मग कोणती? मी नवशिक्यांना ३५ मिमी, किंवा तेवढाच दृष्टिकोन (म्हणजे चौकटीत तेवढंच दृश्य) देणारी लेन्स सांगतो. २८ सुंदर आहे, पण तिच्यात इतकं काही येतं की चौकट भरायला डोळा तयार लागतो. सुरुवातीला निम्मा फोटो नुसत्या फरसबंदीचा येतो. ५० मिमीवर फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँनं आयुष्य काढलं, त्यामुळे ती कमी आहे असं कोण म्हणेल? पण गर्दीच्या अरुंद जागेत ५०ला मागे सरकायला जागा मिळत नाही. ३५वर चूक सुधारायला दोन्हीकडे थोडी मोकळीक राहते.

आता तुमच्या घरच्या कॅमेऱ्याकडे येऊ. एपीएस-सी सेन्सर लहान असल्यामुळे लेन्सच्या आकड्याला दीडनं गुणायचं (कॅननच्या एपीएस-सीला १.६नं). म्हणजे तुमच्या १८-५५वर २३-२४च्या आसपास झूम ठेवलं की ३५ मिमीचा दृष्टिकोन मिळाला. तिथे झूमच्या कड्यावर चिकटपट्टी लावून टाका आणि तीन महिने ती काढू नका. हे मी गमतीत सांगत नाही. झूम मोकळी असली की हात पायांचं काम करायला लागतो. तुम्ही जागेवर उभे राहून चौकट जवळ-लांब करत बसता आणि समोरचा क्षण निघून जातो. पट्टी लावल्यावर दोन-तीन आठवड्यांत एक बदल होतो: कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकटीच्या कडा कुठे येणार हे कळायला लागतं. मग तुम्ही आधी योग्य जागी जाऊन उभे राहता आणि कॅमेरा सेकंदभरच वर येतो. हे कौशल्य कुठल्याही दुकानात मिळत नाही, आणि एकदा आलं की कुठल्याही कॅमेऱ्यावर कामाला येतं.

जमलं तर त्याच कॅमेऱ्यासाठी एखादी लहान प्राइम (झूम न होणारी) लेन्स घ्या. कॅननची २४ मिमी एफ/२.८ एसटीएम एवढी चपटी आहे की मोठा डीएसएलआरही निरुपद्रवी दिसतो, वजन अवघं १२५ ग्रॅम. निकॉनच्या डीएक्स (एपीएस-सी) कॅमेऱ्यांसाठी ३५ मिमी एफ/१.८ हलकी आणि चोख आहे, फक्त ती ५२-५३ मिमीचा दृष्टिकोन देते हे लक्षात ठेवा.

सेटिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे अडल्यामुळेच बरेच जण "माझा कॅमेरा हळू आहे" म्हणून नवीन घ्यायला निघतात. जुन्या डीएसएलआरचं ऑटोफोकस रस्त्यावर खरंच कमी पडतं. समोरून येणाऱ्या माणसाऐवजी मागच्या पाटीवर फोकस बसतो. उपाय ऑटोफोकसच बंद करण्याचा आहे. याला झोन फोकसिंग म्हणतात आणि गेल्या शतकातलं निम्मं काम असंच झालं आहे. करायचं असं: अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवा (हे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र; एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान आणि जास्त अंतर स्पष्ट). अडीच मीटरवरच्या एखाद्या वस्तूवर एकदा ऑटोफोकसनं फोकस करा, मग लेन्सवरचं बटण मॅन्युअलला सरकवा आणि फोकसच्या कड्यावरही पट्टी लावा. एपीएस-सीवर २३ मिमी, एफ/८ आणि अडीच मीटर या हिशेबात साधारण १.४ मीटरपासून १० मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. म्हणजे हाताच्या अंतराच्या पुढचा जवळजवळ अख्खा रस्ता. आता बटण दाबलं की फोटो लगेच निघतो, कॅमेरा काही शोधत बसत नाही. घरात अडीच मीटर मोजून भिंतीवर खूण करा आणि ते अंतर नजरेत बसवा. पावलांत मोजलं तर मोठी तीन पावलं. (मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांच्या कित्येक लेन्समध्ये फोकस विजेवर चालतो आणि कॅमेरा बंद केला की ठरवलेलं अंतर विसरलं जाऊ शकतं. तुमच्याकडे पुढे तसा कॅमेरा आला तर सुरू केल्यावर एकदा तपासून घ्या.)

अंधार पडला की हे गणित आवळतं. २३ मिमीचीच एखादी प्राइम एफ/२ला उघडली (किट लेन्स एवढी उघडत नाही) तर अडीच मीटरवर फोकस असताना स्पष्ट पट्टा साधारण २.१ ते ३.१ मीटर, म्हणजे जेमतेम मीटरभर उरतो. तेव्हा ऑटोफोकसकडे परत जा, किंवा दिव्याखालची एक जागा ठरवून तिच्यावर फोकस करा आणि कुणी तिथे येईपर्यंत थांबा.

शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका. सहज चालणारा माणूस सेकंदाला सव्वा ते दीड मीटर जातो. १/६०ला तो फोटो निघेपर्यंत दोन सेंटिमीटरहून जास्त सरकलेला असतो, १/५००ला तीनच मिलिमीटर. आणि पाय, हात तर धडापेक्षा वेगानं हलतात. शिवाय तुम्हीही चालत असता. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, एफ/८, ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेरा स्वतः ठरवतो), किमान शटर १/५००, आयएसओची कमाल मर्यादा ६४००: एवढं लावलं की दिवसभर कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघायची गरज नाही. जुन्या सेन्सरवर ३२००च्या पुढे दाणे दिसतील. दिसू द्या. दाण्यांमुळे वाया गेलेला फोटो माझ्या आठवणीत एकही नाही. हललेले शेकड्यांनी आहेत. ऑटोफोकसला मदत करणारा दिवा आणि बीप मात्र पहिल्याच दिवशी बंद करा.

फोनबद्दल लोक उगाच कमीपणा मानतात. बहुतेक फोनची मुख्य लेन्स २४ ते २६ मिमीचा दृष्टिकोन देते, सेन्सर इवलासा असल्यामुळे जवळपास सगळंच फोकसमध्ये असतं, आणि फोन हातात असलेल्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. अडचणी दोन. एक, फोन सावल्या आपणहून उजळतो आणि उन्हातलं नाट्य घालवतो. म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली ओढून ठेवा (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). दोन, पडद्याकडे बघताना रस्ता दिसेनासा होतो. आवाजाच्या बटणानं फोटो काढायची सवय लावा, म्हणजे नजर माणसांवर राहील. अल्ट्रावाइड लेन्स या कामात टाळाच. कडेच्या माणसांची डोकी ताणली जातात.

आता नवीन कॅमेरा. घ्यायचाच झाला तर माझ्या मते दोन घराण्यांकडे बघा. रिको जीआर: जीआर ३ मध्ये २८ मिमीचा दृष्टिकोन, २०२१च्या जीआर ३एक्समध्ये ४०चा. बॅटरी-कार्ड धरून अडीचशे ग्रॅमच्या आसपास, खरंच खिशात मावतो. त्यात स्नॅप फोकस नावाची सोय आहे: १, १.५, २, २.५ मीटर अशी अंतरं आधी ठरवून ठेवायची आणि बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा थेट त्या अंतरावर फोटो काढतो. वर पट्ट्या चिकटवून सांगितलं तेच काम हा बटणावर करतो. जपानी फोटोग्राफर दाइदो मोरियामानं याच घराण्यातले फिल्मवरचे आणि डिजिटल कॅमेरे दीर्घकाळ वापरले. उणीव म्हणजे व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, आणि एका चार्जिंगवर जेमतेम २०० फोटो. दोन बॅटऱ्या खिशात लागतात.

दुसरं घराणं फुजीफिल्म एक्स१००. पहिला २०११ साली बाजारात आला, एक्स१००सिक्स २०२४ साली. २३ मिमी एफ/२ची न बदलणारी लेन्स, म्हणजे ३५चाच दृष्टिकोन, आणि काचेचा व्ह्यूफाइंडर, ज्यातून चौकटीच्या बाहेरचंही दिसतं. कुणी आत येतंय हे अर्धा सेकंद आधी कळतं आणि त्या अर्ध्या सेकंदातच फोटो असतो. दोन्ही कॅमेऱ्यांत लेन्सच्या आतलं लीफ शटर आहे, त्याचा आवाज जवळ उभ्या माणसालाही ऐकू येत नाही. इतर मिररलेस कॅमेऱ्यांवर पूर्ण शांततेसाठी इलेक्ट्रॉनिक शटर वापराल तर एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे येऊ शकतात आणि वेगानं जाणारं वाहन तिरकं दिसतं. तेव्हा मेकॅनिकल शटर बरं.

एखादा छोटा जुना मिररलेस आणि एक प्राइम हा तिसरा रस्ता, आणि खिशाला बहुधा सगळ्यात हलका. फुलफ्रेमची या कामात गरज नाही. लायकाबद्दलही विचाराल म्हणून सांगतो: १९२५ साली तो आला तेव्हा हातात मावणारा आणि सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरणारा कॅमेरा ही क्रांती होती, रस्त्यावरची फोटोग्राफी खऱ्या अर्थानं त्यानंच मोकळी केली. आज ते मोकळेपण तुमच्या खिशातला फोनही देतो.

भीती मात्र यातल्या कशानंच जात नाही. ती कमी होते ती जागा धरून बसल्यानं. लोकांच्या मागे चालू नका. ऊन-सावलीची कड, रंगीत भिंत, जिन्याचा कोपरा, बसथांबा, अशी चित्रात घेण्याजोगी एक जागा शोधा आणि तिथे वीस मिनिटं उभे राहा. पहिली पाच मिनिटं लोक तुमच्याकडे बघतात, मग तुम्ही त्या जागेचा भाग होता. जो येतो तो तुमच्या चौकटीत येतो. तुम्ही त्याच्या वाटेत जात नाही. मनावरचं ओझं निम्म्यानं उतरतं. कार्तिए-ब्रेसाँचा १९३२चा, पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो फळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून काढलेला आहे. शिडी, डबकं, मागची भित्तिपत्रकं हा सगळा रंगमंच तिथे आधीपासून मांडलेला होता.

कॅमेरा लपवू नका. गळ्यात किंवा मनगटाच्या पट्ट्यात, दिसेल असा ठेवा. लपवणारा माणूस संशयास्पद दिसतो आणि त्याला स्वतःलाही अपराध्यासारखं वाटतं. फोटो काढून झाल्यावर लगेच नजर चोरून वळू नका. डोळ्याला डोळा भिडला तर हसा, मान हलवा. माझ्या अनुभवात बहुतेक लोक परत हसतात. अमेरिकन फोटोग्राफर व्हिव्हियन मायर रोलायफ्लेक्स वापरायची, पोटाशी धरून वरून खाली बघायचा कॅमेरा. समोरच्यावर काही रोखल्याची भावना त्यात येत नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा पडदा वर वळत असेल तर तसं करून बघा. शिवाय खालून घेतल्यामुळे माणसं उंच, ठाम उभी दिसतात.

कुणी आक्षेप घेतला तर वाद घालू नका. एकदा एक गृहस्थ माझ्यावर चांगलेच चिडले. मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला, फोटो दाखवला, तो का काढला ते सांगितलं आणि त्यांच्यासमोर पुसून टाकला. फोटो चांगला होता, आजही आठवतो. पण त्यांना तो नको होता, आणि माझ्यासाठी तेवढं कारण पुरेसं आहे. कायदा देशागणिक बदलतो. पुष्कळ ठिकाणी सार्वजनिक जागेत फोटो काढायला मुभा असते, पण प्रसिद्ध करण्याचे नियम वेगळे असतात; जर्मनीत ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा फोटो प्रसिद्ध करायला साधारणपणे संमती लागते, हंगेरीत २०१४पासून फोटो काढण्यासाठीच लागते, गर्दीसारखे अपवाद सोडून. तुमच्या इथला नियम वाचून ठेवा. त्यापलीकडे माझे स्वतःचे दंडक आहेत: झोपलेला, नशेतला, जखमी किंवा रडणारा माणूस मी टिपत नाही, आणि मुलांचा फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाही. ज्याला नाही म्हणायची शक्ती त्या क्षणी नाही, त्याच्याकडून काही घेणं मला पटत नाही.

फोटो घरी आल्यावर घाई करू नका. अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड फिल्म धुवायला मुद्दाम वर्षभर थांबायचा, काढतानाच्या आनंदानं निवड बिघडू नये म्हणून. १९८४ साली तो गेला तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुता पडून होते. इतकं टोक गाठायची गरज नाही, महिनाभर पुरे. आणि निवड कठोर करा. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकनं १९५५-५६मध्ये अमेरिकाभर फिरून २७ हजारांवर फोटो काढले, 'द अमेरिकन्स' या पुस्तकात घेतले ८३. दिवसभरात एकही फोटो न मिळणं हे या छंदात नेहमीचंच आहे. महिन्याला एक टिकला तर मी खूश असतो.

तर आत्ता काहीही विकत घेऊ नका. दोन पट्ट्या लावा आणि तीन महिने, आठवड्यातून दोनदा, एकाच परिसरात तासभर जा. त्यानंतर टिकलेले वीस फोटो कागदावर छापून टेबलावर मांडा. जवळपास सगळे फोटो कडेनं कापावेसे वाटत असतील, तर तुमचा डोळा ५०चा आहे. एखादी प्राइम घ्या, नाहीतर ४० मिमीचा जीआर ३एक्स बघा. उलट कुणाचा पाय, कुणाचा हात, मागची महत्त्वाची खिडकी सारखी चौकटीबाहेर राहत असेल, तर २८चा जीआर तुमचा. आणि यातलं काहीच खटकलं नाही, फक्त कॅमेऱ्याच्या वजनानं घरीच ठेवून जावासा वाटला, तर एक्स१००.